अकरा नंबरची बशी आणि तुझा कुकर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकणं हल्ली गुडघ्यापर्यंतच जमतं, उरलेला नमस्कार तू समजून घे.) तुझी कंबर कशी आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून भाऊजींना भिंतीवरचे डाग दिसायला लागले आणि तुला रंगकाम काढावं लागलं, हे कळलं. इकडे सगळे ठीक. म्हणजे मी सोडून सगळे ठीक होते, आता मीही बराच आहे. कसा ते सविस्तर सांगतो, हातातलं काम जरा बाजूला ठेव.

तुला ठाऊकच आहे की बावीस वर्षं मी एकाच वहीतून जीवशास्त्र शिकवत आलो. मी वाचायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं आणि शिपायाने घंटा द्यायची, असा आमचा सुखाचा संसार होता. (विनोद कुठे करायचा तेही वहीत लिहिलेलं आहे. 'इथे हसणे' अशी तीन ठिकाणं आहेत. मी हसतो.) त्यात नव्या प्राचार्यबाई आल्या. एक दिवस वर्गाच्या दारात दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मला वाटलं, भारावल्या. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली : विद्यार्थ्यांचे हात आणि डोकी चालली पाहिजेत, महिनाभराने दोन तपासनीस येतील, त्यांना वर्ग पेंगताना दिसला तर शिकवणं काढून घेऊन मला हजेरीपटांच्या खोलीत बसवण्यात येईल. ताई, त्या खोलीला खिडकी नाही. शिवाय तुझ्यापाशी म्हणून कबूल करतो, वर्गावर उभं राहण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही. 

शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी मार्ग काढला. (मामा तीस वर्षं काचसामान धुताहेत, त्यामुळे आमच्यात सगळ्यात जास्त विज्ञान त्यांच्या हाताखालून गेलं आहे.) ते म्हणाले, मुलांना जंतू वाढवायला द्या, जंतूंना शिकवावं लागत नाही, ते आपापले वाढतात. मला हा स्वभाव आवडला. झाकणाच्या काचेच्या बशांमध्ये जेलीसारखा खुराक ओतायचा, मुलांनी कापसाची काडी हवी तिथे फिरवून ती बशीत टेकवायची, झाकण चिकटपट्टीने बंद करायचं आणि काय उगवतं ते बघायचं. मुलं सुटलीच. कुणी मोबाईल पुसला, कुणी कॅन्टीनमधला आमटीचा डाव, कुणी संडासाची कडी, आणि एका धीट प्राण्याने थेट प्राचार्यबाईंच्या टेबलावरची घंटी. बघताना कुणाचं मत आधीच बनू नये म्हणून बशा गोळा करून मी उलटसुलट केल्या आणि त्यांच्यावर नुसते नंबर चिकटवले. कुठला नंबर कुठल्या जागेचा, ही एकुलती एक यादी माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. आता, धुण्याआधी खिसे तपासायचं काम आमच्या घरात माझ्याकडेच आहे, त्यामुळे तुझ्या भावजयीला दोष देण्याचीही सोय राहिली नाही.

तपासनीस आले त्या सकाळी टेबलावर बशा मांडलेल्या. अकरा नंबरच्या बशीत हिरवं-पिवळं असं काही माजलं होतं की मामासुद्धा चार पावलं मागे झाले. प्राचार्यबाई म्हणाल्या, हा नक्की मुलांचा मोबाईल. तपासनिसांनी विचारलं, कुठला नमुना? मी ऐटीत खिशात हात घातला आणि कागदाचा लगदा बाहेर काढला. माझ्या डोळ्यांपुढे ती बिनखिडकीची खोली उभी राहिली. वहीत अशा प्रसंगाला काही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला. तिथे एक मुलगी बसते. वर्गात तिला मौनीबाबा म्हणतात, कारण अख्ख्या सहामाहीत तिने हजेरीसुद्धा मान हलवूनच दिली. ती म्हणाली, "सर, यादी गेली तर जाऊ दे ना. त्याच जागांचे नमुने पुन्हा घेऊ. ज्या बशीसारखं उगवेल, ती बशी त्या जागेची."

झालं! वर्गात भांडण जुंपलं. कुणी म्हणे, एकदा पुसलेल्या जागेवर आता ते उरलंच नसेल. कुणी म्हणे, प्रत्येक जागेचे दोन-दोन घ्या. मौनीबाबा म्हणाली, एक बशी कुठेच न टेकवता ठेवा, म्हणजे हवेतून किती येतं ते कळेल. मी हे सगळं बावीस वर्षं वाचून दाखवत होतो, ताई, आणि ही पोरं ते स्वतःच शोधून काढत होती. तपासनिसांपैकी एकजण काडी घेऊन घंटीकडे निघाले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. शेवटी सगळे बरे आहेत ना, हे बघायला शिपाई आत आला. मला रडू येत होतं, ते मी चष्मा पुसून भागवलं.

तीन दिवसांनी तपासनीस न बोलावता पुन्हा हजर. निकाल असा : संडासाची कडी प्राचार्यबाईंच्या घंटीपेक्षा स्वच्छ निघाली, आणि अकरा नंबर म्हणजे माझी वही. (बशीसोबत आलेल्या चिठ्ठीवर नुसतं 'सरांची वही' होतं; कुणी पुसली होती ते अजून कळलं नाही. मला मामांचा संशय आहे.) अहवालात त्यांनी 'यादी मुद्दाम दडवण्याची कल्पक पद्धत' असं लिहिलं. मी खाली मान घातली, तो त्यांना विनय वाटला. माझा वर्ग राहिला, ताई. वही कपाटात बंद केली आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे, भाऊजींना भिंतीकडे बघू नका म्हणावं.

तुझा,
धाकटा

ता. क. : आमचा कुकर बिघडला म्हणून महिन्यापूर्वी तुझा मोठा कुकर नेला होता. आमचा ठणठणीत आहे. जंतूंचा खुराक तुझ्या कुकरात शिजला, आणि काम झाल्यावर बशाही त्यातच उकडल्या. मामा म्हणतात, इतका निर्जंतुक कुकर अख्ख्या गावात नसेल. तरी तो परत मागू नकोस.

ता. क. २ : खरं पत्र इथून सुरू होतं. वही कपाटात ठेवण्याआधी मौनीबाबाने ती चाळली आणि बेडकाच्या चित्रावर थांबली. म्हणाली, "बाकीची चित्रं पुस्तकावरून काढलीत. हे काढणाऱ्याने बेडूक बघितलाय." ताई, ही वही माझ्या कॉलेजातलीच; तो बेडूक घरी उघडल्यावर मी मोरीपाशी चक्कर येऊन पडलो होतो, आणि चित्र तू काढलंस. गुण मला मिळाले. तू त्याच वर्षी लग्न होऊन गेलीस आणि तुझं जीवशास्त्र तिथेच राहिलं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं; त्या दिवशी वर्गाला सांगितलं. आता मुलांना समोरची वस्तू बघून चित्र काढायला शिकायचं आहे आणि मला ते येत नाही. गुरुवारी दहाला ये. मौनीबाबा तुझ्यासाठी पुढचा बाक धरून ठेवणार आहे.

ता. क. ३ : येताना छोटा कुकर आण. भाऊजींना सांग, बिघडलाय. खपतं.