शून्यावरचं नाव

४ जानेवारी २०२१, मलिंगार, आयर्लंड
आले एकदाची. खोली उबदार, घरमालकीणबाई प्रेमळ. कपाटाला इथे ‘प्रेस’ म्हणतात हे त्यांनीच शिकवलं. जयेश कॉर्कच्या औषध कारखान्यात, मी इथे, आणि लॉकडाऊनमधल्या पाच किलोमीटरच्या नियमामुळे नवराबायकोची भेट फक्त फोनवर. मीच असणार म्हणून तो पहिल्या रिंगलाच उचलतो. वेडा आहे.

५ जानेवारी
काम सोपं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी दहाला आपोआप फोन करून ख्यालीखुशाली विचारणारा प्रोग्रॅम, जावास्क्रिप्टमधला. नावांची एक अ‍ॅरे, म्हणजे क्रमवार यादी. लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणारा कोड, पुढून एकेक नाव घेत जातो. मोजणी शून्यापासून, म्हणजे पहिलं नाव शून्यावर. मुलाखतीत डेक्लनसाहेबांनी विचारलं होतं, अशा यादीतून नावं काढायची तर कशी? मी ऐटीत सांगितलं, मागून पुढे यावं. पुढून काढत गेलं की उरलेली नावं एकेक घर पुढे सरकतात आणि लूपच्या हातून एक निसटतं. त्या उत्तरावरच नोकरी मिळाली.

६ जानेवारी
शून्यावर नावच नाही, रिकामी जागा. माझ्याआधीच्या पुरुषोत्तमने शेजारी लिहिलंय, ‘हिला हात लावू नये.’ पुणेरी पाटीच. कारण मात्र दिलेलं नाही. काढून टाकली. यादीतले तिघे आजी-आजोबा एकेक घर पुढे सरकले. चाचणीसाठी शेवटी आमचीच दोन नावं घातली, गिरिजा आणि जयेश.

७ जानेवारी
शून्यावर ब्रिजेट आजी आल्या होत्या. आज खुर्चीतच गेलेल्या सापडल्या, फोन कानाला. नव्वदीच्या होत्या, दिवसही वाईट आहेत, असं साहेब म्हणाले. यादीतून त्यांचं नाव मी काढलेलं नाही. तरी ते तिथे नाही.

८ जानेवारी
शून्यावर शेमस आजोबा. तेही गेले. फोन कानाला. रिकामी जागा परत घातली. तासाभरात नाहीशी झाली. साहेबांना सगळं सांगितलं. ‘यू आर ग्रँड’ म्हणाले, म्हणजे ठीक आहेस तू; विश्रांती घे म्हणाले.

९ जानेवारी
सर्व्हरच बंद केला. तरी दहाला नुआला आजींकडे फोन वाजला. त्याही —
माझं नाव काढलं, जयेशचं काढलं. दोन्ही परत येतात. हात दाखवून अवलक्षण. उद्या शून्यावर मी. आणि परवा —
जयेशला काही सांगितलं नाही. मला फार भीती वाटतेय.

१० जानेवारी, ९.४०
एकेक काढलं की परत येतं. दोन्ही एकदम काढली तर? यादीच रिकामी, मग फोन कोणाला? लूप लिहितेय. देवा, निदान त्याला तरी —

९.५८
चालला. माझं नाव गेलं. परत आलं नाही. सुटलो —

९.५९
एक उरलंय. शून्यावर. जयेश.
पुढून. मी पुढून काढत गेले. मी गेले, तो माझ्या जागी सरकला, आणि लूप त्याला ओलांडून —

१०.००
त्याला लावतेय. एंगेज्ड. म्हणजे उचलला. पहिल्याच रिंगला —
जयेश, ठेव. ठेव रे. ती मी नाहीये, ती मी —