एक पट्टी खाली

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तार मिळाली. ‘पोचले, जेवले, गळा ठीक’ एवढ्यावर आईचं समाधान झालं, माझं झालं नाही. खोली कशी आहे, खिडकी नीट लागते का, स्टुडिओपर्यंत चालत जातेस की बसने, हे सविस्तर कळव. मफलर बॅगेच्या डाव्या कप्प्यात ठेवला आहे; तू उजव्यात शोधशील.

इकडे आई शिवणयंत्रावर बसून तुझी गाणी गुणगुणते. शेजारणीला सांगते, की नऊ वर्षं हॉटेलात पियानो वाजवून स्वतःची गाणी गायल्याचं चीज झालं, रेकॉर्ड कंपनीने आपण होऊन बोलावलं. मी वर्कशॉपमध्ये रोजच्यासारखा. पियानो उघडायचे, झुरळं झाडायची, तारांच्या खुंट्या आवळायच्या. मालक परवा म्हणाले, की बहीण मोठी झाली की आपल्याला विसरेल. मी म्हटलं, ती छत्रीसुद्धा विसरते, त्यात आपण नवीन काय.

एक विचारायचं होतं. तिथला पियानो कसा वाटतो? गाताना काही वेगळं जाणवलं तर मला लगेच कळव. सहज विचारतो आहे.

लोभ आहेच, तो दर आठवड्याला टपालातून दिसावा.
पान्या

ता. ९ मार्च

चि. पान्यास,
अ. उ. आ.

तुझं ‘सहज’ मला चांगलं ठाऊक आहे. तू सहज शिंकतसुद्धा नाहीस, आधी रुमालाची घडी उलगडतोस. तारा आवळायचा पाना सदा हातात, म्हणून तुला हे नाव पडलं. डोक्यातही एक फिरत असतो.

तर ऐक, आणि आईला वाचून दाखवू नकोस. पियानो लांबलचक, काळा, त्यात बघून भांग पाडावा असा. पण त्यावर माझी गाणी माझी वाटत नाहीत. तीन दिवस गायले आणि तिन्ही दिवस वरच्या जागांना आवाज फाटला. घरी भांडी घासताना ज्या जागा सहज घेते, त्या इथे टाचा उंचावूनही सापडत नाहीत. संगीत दिग्दर्शकांना सगळे साहेब म्हणतात. ते काचेपलीकडून म्हणाले, की गाणी उत्तम, गळा मात्र घरगुती आहे. मी विचारलं, म्हणजे त्याला फडकं बांधून फळीवर ठेवायचं का. कुणी हसलं नाही. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर बसणारा तेवढा खाली बघून हसला.

आता मुद्दा. साहेबांनी एक कागद पुढे केला आहे. माझी दहाही गाणी कंपनीची; गाणार त्यांची नामवंत गायिका, वाजवणार त्यांचा वादक. माझं नाव मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. मी म्हणाले, उत्तर आत्ताच घ्या, नाही. ते म्हणाले, घाई नको, वीस तारखेपर्यंत वेळ आहे. तोवर नीट गाता आलं तर तुम्हीच गा.

डॉक्टरांनी घसा पाहिला, काही झालेलं नाही म्हणाले. मग गळाच संपला असेल. चौतिसाव्या वर्षी संपतही असेल एखादीचा. संपला तर संपला. गाणी माझ्याबरोबर घरी येतील आणि माझ्याबरोबर गप्प बसतील, पण दुसरीच्या तोंडून ती मी ऐकणार नाही. हे रागाच्या भरात लिहीत नाहीये. अक्षर पाहून घे.

माया कायम आहे, उपदेश पाठवू नये.
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गळा संपलेला नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तू पत्र फाडशील.

आपल्या घरचा पियानो एक पट्टी खाली लावलेला आहे. तू ज्या पट्टीवर बोट ठेवतेस, तिच्यातून खरं तर तिच्या डावीकडच्या शेजारणीचा सूर येतो. सगळ्याच पट्ट्यांचं तसं, म्हणून आपसात जुळतं आणि घरात कुणाला कळत नाही. हे मी केलं आहे.

मी पंधरा वर्षांचा होतो, शाळा सोडून मालकांच्या हाताखाली लागून चार महिने झाले होते. बाबांनी बंद पडलेल्या नाटकगृहातून तो पियानो आणला तेव्हा तारा गंजलेल्या होत्या. प्रमाण सूर देणाऱ्या नादकाट्याप्रमाणे सूर वर चढवायला गेलो, तर एकापाठोपाठ तीन तारा तुटल्या. एक गालाला लागली. दाढी करताना कापलं असं मी सांगितलं. तेव्हा मला दाढी नव्हती, पण कुणी विचारलं नाही. घाबरून मी अख्खा पियानो एक पट्टी उतरवला. उद्या सांगू, असं ठरवलं. त्याच संध्याकाळी तू त्यावर बसलीस आणि तुझं पहिलं गाणं केलंस. मग तो उद्या आलाच नाही.

दोन वर्षांनी हॉटेलात पहिल्या दिवशी तुझा आवाज फाटला. घरी येऊन तू म्हणालीस, की पुन्हा गाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो, दुरुस्ती आहे म्हणून सांगितलं आणि तो पियानोही खाली आणला. संध्याकाळी तू सुरेख गायलीस. मग शाळेच्या सभागृहातला. मग वाचनालयातला. त्यानंतर तू जिथे गायलीस तिथे, एकदा सोडून, मी आदल्या दिवशी जाऊन आलो आहे.

हॉटेलातल्या ट्रंपेटवाल्याची तू बेसूर म्हणून मॅनेजरकडे तक्रार केली होतीस आणि त्याला काढलं होतं. तो बेसूर नव्हता. त्या हॉटेलात तो एकटाच सुरात होता.

आता उपाय. स्टुडिओचा पियानो खाली आणता येईल, दोन दिवसांचं काम आहे. किंवा तू सगळी बोटं एक पट्टी डावीकडे सरकव. पण तसं केलं की पांढरीच्या जागी काळी येते, आणि अकरा वर्षांची सवय आठवड्यात मोडणार नाही. तिसरं मला सुचत नाही.

हवं तेवढं रागव, पण पत्र बंद करू नकोस.
पान्या

ता. १६ मार्च

पान्या,

आज आशीर्वाद नाहीत.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुला बदडावंसं वाटलं, दुसऱ्यांदा स्वतःला. तिसऱ्यांदा, बसमध्ये, ट्रंपेटवाल्याचा चेहरा आठवला आणि इतकी हसले की शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली. त्याचा पत्ता शोधून ठेव.

सहा वर्षांपूर्वी बाहेरगावी गायला गेले आणि सगळ्यांसमोर आवाज फाटला. त्यानंतर कुठूनही बोलावणं आलं तरी मी गाव सोडलं नाही. आपली उडी हॉटेलापुरतीच, असं मनाशी ठरवून टाकलं. त्या वेळी तुला ताप होता, म्हणून तू आदल्या दिवशी येऊ शकला नाहीस. तुझा तो ताप मला सहा वर्षं पुरला. हे तुला टोचावं म्हणूनच लिहिते आहे.

उद्या स्टुडिओत जाते.
ताई

ता. २१ मार्च

चि. पान्यास,
अ. उ. आ. (पुन्हा सुरू केले आहेत.)

साहेबांना सांगितलं, पियानो एक पट्टी खाली आणा. ते म्हणाले, पियानो म्हणजे डुगडुगणारं स्टूल नव्हे पाय कापायला; बाकीची वाद्यं त्याच्याशी जुळवलेली आहेत. मी म्हणाले, बाकीच्यांना घरी पाठवा, माझ्या गाण्यांना दोन हात पुरतात. मग म्हणाले, बोटं सरकवा. तीन दिवस तेच केलं. उजव्या पायात डावी चप्पल घालून जिना चढावा तसं वाजवलं, आणि काल साहेबांसमोर अर्ध्या गाण्यात दोनदा अडखळले. पण वरची जागा आली. भरून आली, पान्या. यंत्रावरचा माणूस उभा राहिला.

मी म्हणाले, गळा ऐकलात, आता बोटांना तीन महिने द्या. साहेबांनी तोच कागद पुन्हा पुढे केला. या वेळी मी तो शेवटपर्यंत वाचला. खाली त्या गायिकेची सही होती, सव्वीस फेब्रुवारीची. मी तेव्हा गाडीतसुद्धा बसले नव्हते. म्हणजे मी फाटक्या आवाजात गायले असते काय आणि सोन्यासारखी गायले असते काय, मला बोलावलं होतं ते तिला चाली ऐकवायला.

कागद मी फाडला नाही, तसं नाटकात करतात. नीट घडी घालून साहेबांच्या खिशात ठेवला, चष्म्याशेजारी. ते म्हणाले, आमच्याशिवाय तुम्हाला कोण ऐकणार. मी म्हणाले, नऊ वर्षं लोकांनी काटे-चमचे आपटत का होईना, तुमच्याशिवायच ऐकलं आहे.

आता कामाचं. यंत्रावरच्या माणसाचं स्वतःचं छोटं यंत्र आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो ते घेऊन आपल्या घरी येणार. दहाही गाणी घरच्या पियानोवर, तो आहे तसा. रेकॉर्ड आपणच काढायची आणि गावोगावी आपणच गाऊन विकायची. सरकवलेली बोटंही मी शिकणार आहे, म्हणजे कुठल्याही गावचा पियानो चालेल. आणि यापुढे माझ्या आदल्या दिवशी कुठेही जायचं नाही. यायचं तर माझ्याबरोबर.

रेकॉर्डच्या वेष्टनावर माझ्या नावाखाली तुझंही नाव छापणार, पियानो कुणी लावला ते. मालक काय म्हणतील याचा विचार करून तू आत्ताच डोकं धरून बसला असशील. बस, पण उत्तर लिहून मग बस.

माझी माया थोडी चिडकी झाली आहे, ती तशीच गोड मानून घ्यावी.
ताई

ता. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डोकं दोन दिवस धरलं, मग सोडलं.

मालकांना सगळं स्वतः सांगितलं. म्हणाले, दुकानाच्या नावावर चार पियानो खाली लावलेस. चारही वर चढव. ते बरोबरच होतं. शाळा, वाचनालय आणि हॉटेल, तिघांना मी कबुलीची पत्रं दिली आणि तिन्ही पियानो नादकाट्याला आणून दिले. हॉटेलचे मॅनेजर म्हणाले, मला वाटलं तू धूळ पुसायला येतोस. ट्रंपेटवाल्याचा पत्ता लागला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. ती माफी तुलाच मागावी लागेल, आणि एका खेपेत मिळेल असं वाटत नाही.

चौथा, आपल्या घरचा. त्यालाही मालक सोडेनात. रेकॉर्डवर खालचा सूर वाजला आणि खाली तुझं नाव असलं, तर धंद्यातले लोक म्हणतील, की या पोराला पियानो नादकाट्यापर्यंत नेता येत नाही. मी म्हटलं, पंधराव्या वर्षी नेता येत नव्हता. आज नव्या तारा घालून दोन दिवसांत नेईन, एकही तुटणार नाही. पण ती गाणी त्याच सुरात झाली आहेत, म्हणून नेणार नाही. ते म्हणाले, मग पाना टेबलावर ठेव. मी ठेवला. ताई, पाना ठेवताना आवाज मुद्दाम केला. आता हातात काम नाही. आईला सांगितलं, तर तिने शिवण न थांबवता विचारलं, की रविवारी यंत्रवाला माणूस चहात साखर किती घेतो.

बाजारातून स्वतःचा पाना आणला आहे. कालपासून घरच्या पियानोची एकेक तार तपासतो आहे. खाली आहे, पण आता केसाइतकंही इकडेतिकडे नाही.

वेष्टनाचा मजकूर छापायच्या आधी मला दाखव, शुद्धलेखन तपासून देईन. माझं नाव घालायचं तर घाल, पण त्याच्या खाली एक ओळ हवी. ती गाळली तर नावही गाळ. ओळ अशी: हा पियानो एक पट्टी खाली लावला आहे, चुकून नव्हे.

लोभ आहे तो असाच भांडत राहो.
तुझा भाऊ