तुरीच्या पोत्यांमागचं गाणं

३ मार्च

परत सुरू! परसातल्या टिनाच्या शेडमध्ये दादाची टोळी — दादा गिटारवर, विनोद ड्रमवर, रीता गायला. पहिल्याच दणक्याला मी शिलाई मशीनवरून उठले, ब्लाऊजची बाही अर्धी टाकली आणि आतल्या खोलीत जाऊन डोक्यावर उशी घेतली. माझे कान हे असे. कुकरची शिटी झाली की पोटात कळ येते. ताट पडलं तर रडू येतं — एवढ्या घोडीला! मशीनचा आवाज तेवढा चालतो, कारण तो माझ्या पायाच्या ताब्यात असतो.

जेवताना दादा म्हणाला, "सपना, एकदा पुरं गाणं आयक. मंग पाह्यजे तेवढ्या शिव्या दे." बाबासाहेबांच्या जयंतीला वाशीमला स्टेजवर वाजवणार आहेत. त्याचं स्वतःचं पहिलं गाणं. सगळं जग ऐकेल आणि सख्खी बहीण उशीखाली — हे त्याला लागलंय. मला काय कमी लागलंय?

७ मार्च

आज फसले! आईनं डाळ भरडायला तूर आणायला पाठवलं. शेडमध्ये बाबांची तूर-सोयाबीनची पोती पार पत्र्यापर्यंत रचलेली. मी थप्पीच्या मागे वाकलेली आणि पुढून हे सुरू! बाहेर पडायची वाट त्यांच्यामधून. कान दाबून खाली बसले. थोड्या वेळानं हळूच एक बोट काढलं.

दुखलं नाही!

पोती आवाजाची धार खात होती. उरत होतं ते नुसतं अंग. गिटार आधी पाठीत आली — मी पोत्याला टेकले होते ना — मग दाढांत. मोठ्या ड्रमचा ठोका बेंबीखाली, बस खड्ड्यातून गेली की जिथे हलतं तिथे. रीताचा आवाज इतका खरखरीत की घसा माझा खवखवला. आणि मधे एका जागी सगळं एकदम बंद. काही नाही. आणि मग सगळे मिळून कोसळतात — आणि मी पोत्यांमागे बसून हसत होते! याला मी गोंगाट म्हणायचे. हा कसला गोंगाट? थप्पी लावावी तसं एकावर एक नीट रचलंय, एक काढलं तर सगळं खाली येईल. दादा, हे तू केलंस?

त्याला काही बोलले नाही. डाळ उशिरा भरडली, आईच्या शिव्या खाल्ल्या.

८ मार्च

परत तूर आणायला गेले. तुरीची कुणालाच गरज नव्हती.

१६ मार्च

गाणं पाठ झालं. पुढे काय येणार हे माहीत असलं की अर्धी भीती जाते. आज दादानं पकडलं.

"काहून लपून राह्यली तू इथं?"

"लपून नाही. आयकून राह्यली."

तो खाली बसून गिटारच्या तारा पुसत राहिला. मघाशीच पुसल्या होत्या त्यानं!

२४ मार्च

बाबांनी माल मार्केटला नेला. शेड रिकामं. आणि गाणं — बापा! चारही बाजूंनी सुऱ्या. विनोदसुद्धा कान चोळत होता. "टिनं किंचाळून राह्यले बे," म्हणाला. सगळ्यांना कर्कश, फक्त दादाचं उलटंच: "मले तं दबल्यासारखं वाटते." आणि बटण फिरवून धार आणखी वाढवली!

मी दारातून ओरडले, "बहिरा झाला काय रे?" दोनदा, तीनदा. शेवटी वळला. "काय म्हणली?" — हसत. तणतणत परत आले.

२ एप्रिल

घरातला जुना बारदाना काढला. दोन पोत्यांच्या मधे फाटक्या लुगड्यांच्या चिंध्या भरून जाड पडदे शिवले. सुया मोडल्या, बोटं सोलली. शेडच्या चारही बाजूंना टांगले. बाबा म्हणाले, "गाण्याले गोधडी शिवून राह्यली काय वं!" पण जमलं! धार गेली, अंग राहिलं. रीतानं मला कडकडून मिठी मारली. आणि दादा? "मले तं काईच फरक नाही वाटत." मेल्या! कृतघ्न!

१४ एप्रिल

आज सगळं लिहूनच झोपणार.

लहानपणी मला जयंतीच्या मिरवणुकीत जायचंच असायचं आणि भोंगे तर सोसायचे नाहीत. मग दादा माझ्या मागून चालायचा, दोन्ही तळवे माझ्या कानांवर घट्ट. चौकापासून विहारापर्यंत. दरवर्षी. तळव्यांना बुंदीचा वास. त्याच्या हातांतून आलेला बाजा मला गोड लागायचा.

आज ते हात गिटारवर. मी कापूस घातला, वरून ओढणी बांधली. आई म्हणाली, "मी धरू काय कान?" नको म्हटलं.

पहिला दणका छातीत बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पळावंसं वाटलं. पण पुढचं माहीत होतं — आता गिटार, आता रीता, आता दाढांत. ती थांबायची जागा आली. अख्खं मैदान चूप. आणि मी एका कानातला कापूस काढला! मग जे कोसळलं ते सगळं अंगावर घेतलं. दुखलं. फार दुखलं. पण पुरं ऐकलं! एवढं सुंदर काही मी ऐकलेलं नाही, आणि ते आमच्या शेडमधून आलंय.

खाली उतरला तेव्हा मी त्याच्या मागेच होते. "दादा! दादा!" गाणी संपली होती, आजूबाजूला शांत होतं. तरी वळला नाही. खांद्याला हात लावला तर दचकला. मला ते पडदे आठवले, ते बटण आठवलं. त्याला म्हटलं, डॉक्टरकडे चल. नाही म्हणाला. मी हट्टच धरला.

१९ एप्रिल

वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बारीक, धारदार आवाज दादाला ऐकूच येत नाहीत. हे आजचं नाही, लहानपणापासून जात आलंय, म्हणाल्या. भोंग्यांजवळ फार असायचास का, विचारलं. हो म्हणाला. त्या म्हणाल्या, मग कानांवर हात का नाही ठेवलेस रे?

दादा हसला. माझ्याकडे बघितलं नाही.

"हात रिकामे नव्हते ना मॅडम."