दोनशे चाळीस पावलांचा फलाट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणपन्नास, वजनमापे तपासणी कार्यालयात निरीक्षकांचा मदतनीस, लिहून ठेवतो की आज रविवारी सकाळी माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा म्हणून नमूद करतो, की लिहायला बसण्यापूर्वी मी आगगाडीच्या प्रतिकृतीतल्या एका सामानाच्या डब्याच्या दाराला केसाएवढ्या तारेची कडी बसवली आणि ती पहिल्या खेपेला सरळ बसली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी स्वयंपाकघरात आहे आणि मी काय लिहितो आहे हे तिने अजून विचारलेले नाही.

बुधवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "हे आम्ही रोज करतो, काका. मृत्युपत्राची एवढी काय घाई?" मी म्हटले, "तुम्ही रोज करता. माझी पहिलीच वेळ आहे." गावच्या शाळेत आमचे गुरुजी सांगत, पेपर देण्याआधी एकदा वाचून बघा, चूक सापडली तर खोडा, लाजू नका. तेवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

कलम पहिले. राहते घर पत्नीचे, तिच्यानंतर मुलीचे. बँकेत आणि भविष्यनिर्वाह निधीत जे काही आहे तेही पत्नीचे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण ते साठवले तिनेच आहे. मी फक्त पगार आणून दिला.

कलम दुसरे. मागच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एक टेबल आहे. त्यावर माझ्या लहानपणीचे स्टेशन आहे: फलाट, तिकीटघर, पाण्याची टाकी, फाटक, सिग्नल आणि रूळ, सगळे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. या सगळ्याला आम्ही छांदिष्ट लोक लेआउट म्हणतो. पत्नी त्याला पसारा म्हणते. या टेबलासाठी तिचे लोखंडी कपाट, रुंदी दोन फूट, अकरा वर्षांपासून बाहेरच्या पॅसेजमध्ये उभे आहे. "तुमच्या गाडीला जागा आहे, माझ्या कपड्यांना नाही," हे वाक्य मी अकरा वर्षे ऐकले. कपाट आत घ्यावे. कसे, ते कलम सातव्यात येईल.

कलम तिसरे. हत्यारे. चिमटे, कानशी, हातड्रिल, तारा जोडायची सोल्डरिंगची कांडी, भिंग आणि रंगांच्या बावन्न बाटल्या माझ्या मित्राला द्याव्यात. त्यांचे चष्म्याचे दुकान आहे, पण आमच्या छंदमंडळात सगळे त्यांना बोगदेवाले म्हणतात. त्यांना रुळाला नीट वळण देता येत नाही, त्यामुळे काम अडले की ते तिथे डोंगर उभा करून बोगदा काढतात. माणूस सोन्यासारखा आहे. मात्र सर्वांत बारीक ब्रश त्यांना देऊ नये. चार वर्षांपूर्वी तो नेला आणि टोक वाकवून परत आणला, वर म्हणाले, "ब्रशच तो, केस वाकणारच." तो ब्रश सरळ करायला मला दोन रविवार लागले. तो मुलीकडे राहावा, तिला उपयोग नसला तरी.

कलम चौथे. डबे, एकूण एकेचाळीस. नवा डबा खोटा दिसतो, म्हणून प्रत्येकाच्या छपराला धूर, चाकांना गंज आणि दाराच्या मुठीभोवती हाताचा मळ असे सगळे मी खडूच्या भुकटीने केले आहे. पत्नी म्हणायची, "घर पुसून पुसून माझी कंबर मोडली, आणि तुम्ही पैसे देऊन मळ विकत आणता." चाळीस डबे मंडळाला द्यावेत. पुसू नयेत. शेवटचा, गार्डचा डबा मुलीचा. परवा ती फोनवर म्हणाली, "बाबा, मला बाकीचं काही नको. तो लाल दिव्याचा डबा ठेवा माझ्यासाठी. मला गोवर आला होता तेव्हा तुम्ही दिवसभर तो फिरवत ठेवला होता." मी ते विसरलो होतो.

कलम पाचवे. भिंतीवरचे प्रशस्तिपत्र काचेसह मंडळाला परत करावे. त्यावर "अचूकतेबद्दल प्रथम" असे लिहिले आहे. ते खरे नाही. चूक मंडळाची नाही, माझी आहे.

कलम सहावे. माझ्या टेबलाच्या उजव्या खणात पिवळ्या कापडी टेपची एक गुंडाळी आहे. ती माझ्या थोरल्या भावाची, त्याला परत द्यावी. दादा शिवणकाम करतो. दहा वर्षांपूर्वी तपासणी मोहिमेत आम्ही त्याच्या गल्लीतली सगळी दुकाने पाहिली. कार्यालयाच्या पोलादी पट्टीवर लावली तेव्हा त्याची टेप वापरून वापरून पाच फुटांमागे पाव इंच ताणलेली निघाली. दादा म्हणाला, "अरे, तीस वर्षं याच टेपवर लोकांना कपडे बसतायत." मी म्हटले, "नियम सगळ्यांना सारखाच," आणि ती जप्त केली. निरीक्षक साहेब स्वतः म्हणत होते की सोडून द्या. जप्त केलेली वस्तू कार्यालयात जमा करायची असते. मी ती घरी आणली. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली ही माझी एकमेव गैरशिस्त, आणि ती का केली हे मला तेव्हाही सांगता आले नसते.

कलम सातवे. लेआउट.

आमचे वडील त्या स्टेशनवर सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावर जायची ते दांडा ओढून ठरवायचे, सिग्नलचे दिवे लावायचे, फलाटाच्या कडेला चुना मारायचे. चुना किती लागेल याचा अंदाज स्टेशनमास्तरांना द्यावा लागे, म्हणून त्यांनी सगळे स्टेशन पावलांनी मोजून वहीत लिहून ठेवले होते. फलाट, दोनशे चाळीस पावले. टाकी ते फाटक, एकशे वीस पावले. पुढे तो मार्ग बंद झाला, स्टेशन पाडले, नकाशे कुठे गेले कोणालाच माहीत नाही. वडील गेल्यावर ती वही माझ्या वाट्याला आली. तिच्यावरून मी दोन वर्षांत लेआउट बांधले. माणसाचे पाऊल अडीच फूट धरतात. मीही धरले. फलाट सहाशे फुटांचा आला आणि टेबलावर सात फुटांना इंचभर कमी.

नऊ वर्षांपूर्वी मंडळाच्या प्रदर्शनात ते मांडले. परीक्षकांनी वही पाहिली, आकडे ताडून पाहिले आणि पहिला क्रमांक दिला. मी दादाला मुद्दाम बोलावले होते. त्याने लेआउटभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "छान केलंयस. पण फलाट लांब झालाय."

मी म्हटले, "वहीत आहे तेवढाच आहे."

"वहीत काय आहे मला माहीत नाही. गाडीचा शेवटचा डबा फलाटाबाहेर राहायचा. बायका तिथून उड्या मारून उतरायच्या. इथे तर आणखी दोन डबे बसतील."

परीक्षक माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, "तुझी टेप ताणलेली आहे, दादा. तू लांबीबद्दल बोलू नकोस."

लोक हसले. बोगदेवाले तर जरा जास्तच हसले. दादाने टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "तू बाबांची पावलं मोजलीस. बाबांना चालताना पाहिलं नाहीस." आणि तो गेला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. मुलीच्या लग्नात तो आला, आहेर देऊन, मागच्या रांगेत बसून गेला.

त्याच्या त्या वाक्याचा अर्थ मला तीन वर्षे कळला नाही. मग एकदा गावी जाणे झाले. स्टेशनच्या जागी गवत होते, पण टाकीचा दगडी चौथरा आणि फाटकाचा लोखंडी खांब अजून उभे होते. पिशवीत कार्यालयाची पोलादी टेप होती. वहीप्रमाणे तिथे तीनशे फूट यायला हवे होते. दोनशे दहा आले. पुन्हा मोजले, तेवढेच आले. मी चौथऱ्यावर बसून भागाकार केला. बाबांचे पाऊल पावणेदोन फुटांचे होते.

बाबांचा डावा पाय लहानपणापासून गुडघ्यात वाकत नसे. ते तो पाय फरपटत पुढे आणून टेकवायचे आणि मग उजवा उचलायचे. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण घरच्या माणसाचे लंगडणे दिसत नाही, ते नुसते त्याचे चालणे असते. दादा संध्याकाळी त्यांच्यामागे कंदील धरून जायचा. मी घरी अभ्यास करायचो. दुकानदारांची मापे तपासण्यात माझा जन्म गेला आणि बापाचे माप मी पुस्तकातून घेतले.

म्हणजे खरा फलाट चारशे वीस फुटांचा. टेबलावर चार फूट दहा इंच. माझा दोन फूट जास्त आहे, बरोबर एका कपाटाएवढा.

हे कळून सहा वर्षे झाली. फलाट मी कापला नाही. प्रशस्तिपत्र काढले नाही. दादाला सांगितले नाही. रोज देवापुढे हात जोडले, पण हा विषय त्याच्यासमोरही काढला नाही, जणू त्याला वेगळे सांगायला हवे होते. एकच दुरुस्ती केली. सांध्याच्या दांड्याजवळ बाबांचा पुतळा आहे, उंची एकोणीस मिलिमीटर. तो मी दोन्ही पायांवर ताठ उभा केला होता. सुई तापवून त्याचा उजवा गुडघा थोडा वाकवला, डावा तसाच ठेवला, आणि कोणाला दिसू नये म्हणून त्याचे तोंड टाकीकडे केले.

तर हे लेआउट, टेबलासह, मी थोरल्या भावाला देतो. त्याने ते कापावे, मोडावे किंवा नाकारावे. फलाटाच्या लांबीबाबत तो बरोबर होता आणि मी चूक होतो, हे इथे लेखी देत आहे.

कलम आठवे. माझ्यामागे मोठा समारंभ नको. प्रार्थना करायची असेल त्याने मनात करावी. देवाला कमी ऐकू येत नाही.

पुरवणी, त्याच दिवशी सायंकाळी.

साक्षीदार म्हणून मी शेजारचे निवृत्त गणिताचे शिक्षक आणि बोगदेवाले यांना बोलावले होते. शिक्षकांनी कागद चाळले आणि म्हणाले, "ज्याला यातून काही मिळतंय तो साक्षीदार चालत नाही. यांना हत्यारं मिळतायत." बोगदेवाले म्हणाले, "ब्रश सोडून, तेही वाचलं मी. काय माणूस आहे." सही न करता ते चहाला थांबले. एक साक्षीदार कमी पडला. पत्नी म्हणाली, "मी दादांना फोन केलाय." मी विचारले, कधी? "सकाळीच. तुम्ही पानं भरून लिहीत होतात, तेव्हाच कळलं कुणाबद्दल आहे ते."

दादा पाच वाजता आला. मी त्याला म्हटले, साक्षीदाराला वाचायची गरज नसते, फक्त सही करायची. तो म्हणाला, "मी न मोजता कापड कापत नाही," आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचू लागला. कलम सातव्यात त्याचे बोट दोन ओळी मागे गेले आणि पुन्हा खाली आले. मग तो म्हणाला, "सहा वर्षं माहीत होतं तुला?"

"हो."

"म्हणजे मी नऊ वर्षं उगीच रागावलेलो नव्हतो."

"नाही."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "मला अधूनमधून वाटायचं, आपलंच तर चुकलं नसेल. शेवटी टेप ताणलेली होतीच." मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, "ते सहावं आणि सातवं कलम खोड. मला काही मिळालं तर माझी सही चालणार नाही, आणि सही मला करायची आहे. शिवाय माझीच टेप मला काय मृत्युपत्रात देतोस? खण उघड."

त्याप्रमाणे कलम सहावे आणि कलम सातव्यातील फक्त देणगी मी माझ्या राजीखुशीने रद्द करतो. बाकीचा मजकूर कायम ठेवावा. टेप आज साक्षीदारांसमक्ष परत केली. लेआउट घराबरोबर पत्नीचे.

टेप हातात येताच दादा मागच्या खोलीत गेला. त्याने आधी बाबांचा पुतळा उचलून पाहिला, त्याचे तोंड फलाटाकडे फिरवले आणि परत ठेवला. मग फलाटाच्या एका टोकाला टेप लावून, खिशातल्या शिंप्याच्या खडूने, चार फूट दहा इंचांवर रेघ मारली. पत्नी कपाटावरचे सामान काढायला लागली.

मी घरी परतल्यावर फलाट आम्ही दोघांनी मिळून त्या रेघेवर कापायचा आहे. मी परतलो नाही, तर दादाने एकट्याने कापावा. टेप जुनीच असल्यामुळे रेघ प्रत्यक्षात जवळजवळ पाव इंच पुढे पडली आहे. हे मी पाहिले आहे आणि मला मान्य आहे. ती कोणीही दुरुस्त करू नये.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, सायंकाळी साडेसहा.

मृत्युपत्र करणार: सही

साक्षीदार पहिले, शेजारी, निवृत्त गणित शिक्षक: सही. (भागाकार तपासला, बरोबर आहे.)

साक्षीदार दुसरे, मृत्युपत्र करणाऱ्याचा थोरला भाऊ, व्यवसाय शिवणकाम: सही. (सगळे वाचून केली.)