नानांची दहा मिनिटं

३ फेब्रु., सोम. हैदराबाद
सकाळी लाईट गेली, जनरेटरने वेळेवर धरलं नाही, मोठा सर्व्हर बसला. उठवला तर तारीख-वेळ कुठल्याकुठे. आतला सेल मेलेला. सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडम सुट्टीवर. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून मनगटावरचं घड्याळ बघून हाताने वेळ टाकली. त्या एका लोखंडाच्या पोटात अकरा सर्व्हर चालतात. सगळे उठले. दहावी नापास माणसाने उठवले. बरं वाटलं.

६, गुरु.
गेटवर आबा गप्प. आबा वॉचमन, धुळ्याचे. इथे अहिराणी बोलायला एवढा एकच माणूस.
"तोंड का बरं पडेल शे, आबा?"
"तीन दिन झायात, मशीन माले लेट दाखाडस. आठ पाच, आठ सहा. मी तं आठना आत बोट लावस."
म्हटलं, "तुम्हनं बोट म्हातारं व्हयनं." हसले, पण कमी.
ऑफिसवाल्यांना पंधरा मिनिटं सूट. वॉचमनला नाही.

१०, सोम.
गेटवर नवा माणूस. रोज लेट म्हणून एजन्सीने आबांना शनिवारी काढलं. मला न भेटता गेले. माझा डबा त्यांच्याकडे होता, तो घासून ठेवून गेले.

११, मंगळ.
मॅडम आल्या. म्हटलं, हजेरीच्या सर्व्हरची वेळ बघा. दहा सर्व्हर नेटवरून वेळ विचारतात, ते बरोबर. हजेरीवाल्याला नेट बंद, तो मोठ्या मशीनकडून घेतो. तोच पुढे.
मॅडम म्हणाल्या, "भरकटतात अशी घड्याळं."
सकाळी फरक मोजला, दहा मिनिटं. संध्याकाळी मोजला, दहा मिनिटं. भरकटलं असतं तर थोडं तरी वाढलं असतं. आणि भरकटणारं असं गोल आकड्यावर येऊन थांबत नाही. कोणीतरी हाताने...
मग मनगटाकडे बघितलं. जेवलो नाही.

१२, बुध.
माझे वडील, नाना, गेल्यापासून त्यांचं घड्याळ मी घालतो. पारोळ्याची एसटी चुकू नये म्हणून नाना ते दहा मिनिटं पुढे ठेवायचे. घरात सगळ्यांना सवय, बघायचं आणि मनात दहा काढायचे. नाना गेले तरी मी काटा हलवला नाही. त्यांनी लावलेला, तसाच राहू दे म्हटलं. त्या सोमवारी घाईत दहा काढायचे राहिले.
मॅडमला सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "मी घड्याळ हळू चालवून मागे आणते. एकदम मागे घेतलं की नोंदी खालीवर होतात. कोणाला कळणारही नाही. तू लिहून दिलंस तर तुला ठेवायचे नाहीत."
म्हणजे घड्याळ बरोबर होणार. आबांच्या पाच दिवसांच्या नोंदी तशाच.

१३, गुरु.
आबांना तीन फोन केले. उचलला नाही.
लिहून दिलं. चार ओळी, किती वेळा खोडल्या. 'वेळ मी चुकीची टाकली. वॉचमन वेळेवर येत होते.' साहेब म्हणाले, एजन्सीला कळवू. तू उद्यापासून येऊ नको, लागलं तर फोन करू.
लिहिलेल्याची एक नक्कल काढून घेतली.

१६, रवि. धुळे
जळगावला उतरलो, तिथून एसटी. वाटेत पारोळा आलं. आईला काय सांगणार, उतरलो नाही.
आबा ओट्यावर बसलेले. "फोन उचलीसन काय बोलू? गल्लीमा बठ्ठा म्हंतस, म्हातारा झोपी रहायना व्हई." सूनही तेच समजते, हे तिच्यासमोरच म्हणाले.
मी बसमध्ये चार वेळा घोकलं होतं. सगळं सांगितलं, घड्याळाचं, नानांचं. नक्कल आबांपुढे धरली. आबांनी ती सुनेच्या हातात दिली. "वाच वं माय. मोठ्याने."
तिने वाचलं.
"आखो एकदाव वाच."
परत वाचलं. खाली बघत.
मग मला म्हणाले, "माले परत बलावतीन का?"
"माहीत नही, आबा."
"आनि तुले?"
"तेबी नही."
चहा आला. कप अर्धा झाला तसं म्हणाले, "कितला वाजनात?"
काटा अजून नानांनी लावला तिथेच, दहा पुढे. मनात दहा काढले. पुन्हा एकदा काढून बघितले. मग सांगितलं.
आबा उठले आणि आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघून आले.