बादलीतला शेवटचा चेंडू

प्रिय जावईबापू,

असं म्हटलं की तुझी मान आखडते आणि चेंडू वाकडा जातो, ही आमच्या लेकीची तक्रार. "बाबा, त्याला 'अरे' म्हणा हो!" म्हणून तू 'अरे' झालास. आज मुद्दाम जुनी हाक काढली आहे.

गुडघा बरा आहे. ऑफिसात काम फार, रविवारी गोल्फच्या सरावाला जमत नाही, हा तुझा निरोपही पोचला. एकट्याने काय जायचं म्हणून मीही घरीच होतो. शेवटी शुक्रवारी तुझ्या सासूबाई कावल्या. "इथे कुरकुरत बसण्यापेक्षा तिकडे जाऊन चेंडू तरी बडवा!"

गेलो. आपली कडेची जागा मोकळी होती. लेकीने मला पहिल्यांदा तिथे नेलं ते आठवलं. मी विचारलं होतं, परत आणायचेच नाहीत तर एवढे चेंडू मारायचे कशाला? माझा जन्म गाड्यांखाली लोळण्यात गेला. गोल्फ म्हणजे गॅरेजात गाडी सोडून जाणाऱ्या साहेबांचा खेळ. ती म्हणाली, "बाबा, चेंडूकडे बघा, लोकांकडे नको." तिघांत चेंडूंची एक बादली घ्यायची आणि शेवटचा चेंडू तिचा. तो ती डोळे मिटून मारायची आणि कुठे गेला ते मी नुसत्या आवाजावरून सांगायचो. ती कायमची गेल्यावर आपण दोघं तो चेंडू बादलीतच ठेवून उठायला लागलो. त्यावर कधी बोललो नाही.

शुक्रवारी शेजारच्या फळीआडून आवाज आला. क्लबचं टोक जमिनीवर दोनदा टेकवायचं, खाकरायचं, मग मारायचं. इंजिनाच्या खोकल्यावरून दुखणं ओळखणाऱ्याला अजून काय सांगायला हवं? मग एका बाईचं हसणं. आणि मग तुझा आवाज, "चेंडूकडे बघ, लोकांकडे नको."

खोटं कशाला बोलू, तळपायाची आग मस्तकात गेली. उठून जावं तर वाट तुमच्याच पाठीमागून. बसून राहिलो चोरासारखा.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अरे, एक राहिलाय की." तू म्हणालास, "तो राहू दे." तिने का म्हणून विचारलं नाही. बादलीत चेंडूचा आवाज झाला. टाकल्याचा नव्हे, अलगद ठेवल्याचा. यात माझे कान चुकत नाहीत. राग तिथेच विझला. तुम्ही गेल्यावर मीही माझा शेवटचा चेंडू बादलीत ठेवून उठलो.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या आत गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसल्या. मग दारात येऊन, हात पुसत विचारलं, "उंचीला कशी आहे हो? आपल्या पोरीचे क्लब तिला पुरतील?" म्हटलं, उंची कानाला कळत नाही.

म्हणून हे पत्र. काम फार आहे, असं पुन्हा कळवू नकोस. लेक गेली, जावई धडधाकट असताना त्यालाही गमवायची ताकद आता आमच्यात नाही. लग्न कर. आम्हाला बोलाव. जावईबापू म्हटलं ते एवढ्यासाठीच, की माझ्याकडून ते नातं सुटलेलं नाही. येत्या रविवारी तिला घेऊन आपल्या कडेच्या जागेवर ये. क्लब पुसून ठेवले आहेत. शेवटचा चेंडू तिला मारू दे. कसाही गेला तरी लांब गेला म्हणेन.

तुझाच,
बाबा