काळ्या पट्ट्यांमधला दादा

८ नोव्हेंबर २००४, भोकरदन
डीव्हीडी प्लेयर आला. दिवाळीची खरेदी. मला मिक्सर हवा होता, ते जाऊ दे. यांनी खोकं फोडलं, वायरी जोडल्या, मला हातसुद्धा लावू दिला नाही. पहिलाच सिनेमा लावला तर टीव्हीवर वर आणि खाली काळ्या पट्ट्या. झालं! लगेच दुकानदाराला फोन. "अहो, आर्धा टीव्ही झाकून राह्यला. पीस खराब दिला का?"
तो म्हणाला म्हणे, सिनेमा रुंद असतो आणि टीव्ही चौकोनी. अख्खं चित्र पाहिजे तर पट्ट्या येणारच. नको असतील तर सेटिंगमध्ये फुल स्क्रीन करा, मात्र दोन्ही कडा कापल्या जातील. यांनी तिथल्या तिथे फुल केलं. "आता कसं बराबर!"
कडा कापल्या जातील. ते ऐकलं आणि माझी पोळी तव्यावरच करपली.

९ नोव्हें.
शाळेत मुख्याध्यापक काय बोलले ते ऐकूच आलं नाही. दिवसभर तेच डोक्यात. म्हणजे टीव्हीवर दादा दिसला नाही तो यामुळे!
एकदाचं लिहूनच ठेवते. माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माहेरी, टेंभुर्णीच्या बाजारात सिनेमाचं शूटिंग झालं. गावकऱ्यांना सांगितलं होतं, रोजच्या कपड्यात या. माझा दादा गेला तपकिरी सफारी घालून. सिनेमात जायचं म्हणजे बरे कपडे नकोत का? सगळं गाव धोतर-टोपीत आणि हा नवरदेवासारखा. शूटिंगवाल्यांनी वैतागून त्याला पार डाव्या कडेला उभं केलं, बैलगाडीच्या चाकाशी. सफारीचं कापड माझ्या लग्नातल्या आहेराचं. यांच्याच घरून आलेलं, यांनीच पसंत केलेलं.
जालन्याच्या टॉकीजमध्ये तो सिनेमा मी आणि दादाने, दोघांनीच पाहिला. चांगला दिसला होता, चाकावर हात ठेवून. शेजारी बसून त्याने माझं मनगट असं दाबलं होतं की बांगडी रुतली.
पुढे बऱ्याच वर्षांनी सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा माहेरचं अंगण माणसांनी भरलं. बाजार आला, गेला. दादा नाही. सगळ्यांत मोठ्याने हसले ते हे. जावईच हसतोय म्हटल्यावर गाव कशाला थांबतंय? 'पडद्यामागचा हिरो' हे नावही यांनीच ठेवलं. दादाने परत कधी त्या सिनेमाचा शब्द काढला नाही. गेल्या उन्हाळ्यात काविळीने गेला. तिरडी बांधतानाही कोणीतरी म्हणालं, हिरो गेला.

१७ नोव्हें.
भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका करतात तसं. पहिल्यांदाच.
दोन दिवस टेंभुर्णीला जाऊन आले. माय म्हणाली, "पोरगं गुणाचं व्हतं माझं, पर बाता लई मारायचं." लेकाचं तिच्या मनात हे उरलंय. म्हटलं, माय, तो खरं बोलत होता, मी पाहिलंय डोळ्यांनी. तर म्हणते, "तू भनच हाईस. जावई म्हनले तर मानीन."
एकोणीस वर्षं मास्तरीण आहे मी. शंभर पोरं माझ्या शब्दावर उठतात-बसतात. माहेरी मात्र जावई म्हणेल ते खरं.

२९ नोव्हें.
ट्रेनिंगसाठी जालना. मधल्या सुट्टीत सीडीचं दुकान गाठलं. दुकानातले चाचा म्हणाले, "बाजी, पट्टीवाली कोई लेता नै. सब को फुल होना." त्या सिनेमाची फुलवालीच होती, ती घेतली. पट्टीवाली मागवून ठेवा म्हणून सांगितलं.
घरी येऊन लावली. बाजार आला. डावीकडे एक तपकिरी बाही. कोपरापासून खाली. बाकी सगळा दादा कापलेला.
मी ओरडले, ही बघा, सफारी!
हे म्हणाले, "बाहीला काय नाव लिहेल असतं का?"
उचलली जीभ लावली टाळ्याला. जेवले नाही. यांनी माझी भाकरीही खाल्ली.

१२ डिसें.
पट्टीवाली मिळाली. प्लेयरचं सेटिंग मीच बदललं, पुस्तिका वाचून. यांची कुरकुर सुरूच, "डोळे फुटायची पाळी आली." म्हटलं, फक्त बाजार बघा. तेवढंच.
आला. दादा आला. आमच्या एकवीस इंची टीव्हीवर, त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, हरभऱ्याएवढं तोंड. पण चाकावर हात, सफारी, छातीवर दोन खिसे. मी थांबवून धरलं चित्र.
यांच्याकडे पाहिलं. यांनी ओळखलं. वीस वर्षांत एवढं तर मला कळतं, खोटं पकडलं गेलं की हे कानाची पाळी ओढतात. तशी ओढली. आणि म्हणाले, "दिसून तर काहीच नाही राह्यलं. असंल कोनीतरी."
स्वतः आणलेलं कापड!
मोठं केलं की दादा नाही आणि दादा आणला की मोठं नाही. असला कसला टीव्ही केला देवाने, नाही, कंपनीने.

२५ डिसें.
मायला आणलं. मोतीबिंदू पिकायला आलाय, तरी टीव्हीला नाक लावून बसवलं. चित्र थांबवलं. तिचं बोट धरून काचेवर ठेवलं, हा बघ दादा. ती म्हणाली, "मला नुसतं उजेड-अंधार दिसून राह्यलं बाई." मग यांच्याकडे वळली. "जावईबापू, तुमी सांगा. हाय का माझा लेक?"
मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एक शब्द तर हवा होता. हो. तेवढाच.
"लई बारीक आहे, मामी. नक्की न्हाई सांगता येत."
मायने बोट काढलं. पदराने काच पुसली, डाग पडला असेल म्हणून. "जाऊ द्या. लेकरू गेलं, आता कशाला."
मला रडू आलं नाही, राग आला. पडले तरी नाक वर! पंचवीस माणसांसमोर हसलो, ते चुकलं, असं म्हटलं तर काय झिजणार आहे या माणसाचं?

२ जानेवारी २००५
बोलणं बंद आहे. कामापुरतं. मीठ द्या, दार लावा.
काल यांनी सेटिंग परत फुल केलं. बघा, मोठमोठी डोकी बघा.

१० जाने.
शाळेतून आले, हे बाहेर गेले होते. बातम्या बघू म्हणून टीव्ही लावला, तर प्लेयर चालूच राहिलेला. सिनेमा बाजारावर थांबवलेला. वर-खाली पट्ट्या. डाव्या कडेला दादा.
पट्ट्या आपोआप येत नाहीत. सेटिंगमध्ये जावं लागतं.
तशीच उभी राहिले, पिशवी खांद्यावर.
जेवताना विचारलं, दुपारी काय पाहिलं?
"बातम्या."
बातम्यांना पट्ट्या नसतात, म्हटलं.
कानाची पाळी ओढली. भाजी छान झाली म्हणाले. कधी म्हणत नाहीत.
म्हणजे एकट्याने बघायला येतं. चारचौघांत हसायला येतं आणि एकट्याने बघायला. मायसमोर तेवढं तोंड उघडत नाही.
संक्रांतीला माय येणार आहे. बरोबर तिच्या शेजारच्या दोघी-तिघी, त्या दिवशी अंगणात हसलेल्या. मी चित्र लावणार नाही या वेळी. रिमोट यांच्या हातात देईन आणि तिळगूळही. गोड बोलू नका, म्हणेन, खरं बोला.